केशर, कोल्चिकम की नेरीन? इंग्लंडातल्या परसबागेसाठी शरदातले कंद

ट्युलिप आणि डॅफोडिल लावायला नोव्हेंबरपर्यंत वेळ असतो, म्हणून कंदांचा विचार आपण दिवाळीपर्यंत ढकलतो. शरदात फुलणाऱ्या कंदांना ही चालढकल चालत नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरात फुलं हवी असतील तर जुलैअखेर ते ऑगस्ट या काळात कंद मातीत जायला हवेत. याच दिवसांत गार्डन सेंटरात ‘ऑटम क्रोकस’ अशी पाटी दिसते आणि घोळ होतो तो तिथेच. त्या एका नावाखाली दोन वेगळ्या कुळांतली झाडं विकली जातात. एक खरं क्रोकस, ज्याच्या एका जातीत केशर येतं. दुसरं कोल्चिकम, आणि ते पक्कं विषारी.

म्हणून आधी ओळख.

फूल उघडलेलं असेल तर पुंकेसर मोजा. तीन असले तर क्रोकस, सहा असले तर कोल्चिकम. याला अपवाद नाही. रंगावर मुळीच जाऊ नका, कारण दोन्ही फिकट जांभळी, दोन्हींना सहा पाकळ्या, आणि दोन्ही देठाशिवाय जमिनीतून थेट वर आल्यासारखी दिसतात. नुसता कंद हातात असेल तर आकार बघा. क्रोकसचा कंद लहान, चपटा, सुपारीपेक्षा थोडा मोठा. केशराच्या कंदावर तर नारळाच्या शेंडीसारख्या तंतूंचं वेष्टन असतं. कोल्चिकमचा कंद चांगला मोठा, वेडावाकडा, एका बाजूला टाच काढल्यासारखा, आणि त्यावर गडद तपकिरी, कातड्यासारखं साल.

कोल्चिकम आपल्याला वाटतं तितकं परकं नाही. पावसाळ्यात सह्याद्रीत फुलणारी कळलावी याच कुळातली. कोकणात गौरीपुढे ‘गौरीचे हात’ म्हणून ठेवतात तीच, लाल-पिवळ्या ज्वाळेसारख्या पाकळ्यांची. दोघींच्या कंदात कोल्चिसिन हे एकच विष आहे. तेच काटेकोर मोजलेल्या मात्रेत संधिवाताच्या गाऊट या प्रकारावर औषध म्हणून देतात. बिनबियांचं कलिंगड तयार करतानाही रोपाची गुणसूत्रं दुप्पट करायला तेच वापरतात. औषध म्हणून मोठं, पण स्वयंपाकघरात त्याला जागा नाही.

हे सांगायचं कारण घरातलंच आहे. कोल्चिकमची फुलं शरदात उघडीबोडकी येतात, पानांचा पत्ता नसतो. पानं येतात वसंतात, रुंद, तकतकीत, फूटभर लांब. एका एप्रिलमध्ये आई आली होती. वाफा बघून म्हणाली, “हळद लावलीस होय गं? पानं दे चार, पातोळ्या करते.” मी म्हटलं, “आई, ती कळलावीची चुलत बहीण आहे.” तिने हात मागे घेतला तो घेतलाच. युरोपात हीच पानं रानलसूण समजून खुडल्यामुळे माणसं दगावली आहेत. रानलसणीचं प्रत्येक पान स्वतःच्या बारीक देठावर वेगळं उगवतं आणि चुरडलं की लसणीचा वास येतो. पण एकदा तो वास हाताला लागला की पुढच्या प्रत्येक पानाला येतो, त्यामुळे नाकावर भरवसा नको. विषबाधेची लक्षणं काही तासांनी दिसतात, आणि तोवर उशीर झालेला असतो.

तरीही कोल्चिकम लावावं का? घरात रांगतं मूल किंवा सगळं चघळणारा कुत्रा असेल तर माझं उत्तर सरळ नाही असं आहे. तसं काही नसेल तर याच्याइतकं बिनकटकटीचं झाड दुसरं नाही. खारी त्याला तोंड लावत नाहीत, जड मातीतही ते टिकतं, आणि कंद लावायचा राहून गेला तर खिडकीत बशीत ठेवल्या ठेवल्या, मातीपाण्याशिवाय फुलतो. ‘वॉटरलिली’ हा दुहेरी पाकळ्यांचा प्रकार दिसतो कमळासारखा, पण पाऊस पडला की भिजलेल्या कागदासारखा लोळतो. मला पांढरं कोल्चिकम स्पेसिओसम आवडतं. खरी अडचण असते पानांची. मे-जूनमध्ये ती पिवळी पडून लोळतात आणि पूर्ण वाळेपर्यंत कापता येत नाहीत, कारण पुढच्या वर्षीचा कंद त्यांच्यावरच पोसला जातो. बाग छोटी असेल तर ते गचाळ दृश्य महिनाभर डोळ्यांसमोर राहतं.

आता केशर, कारण मराठी घरात विचारणा याचीच होते.

केशराचं क्रोकस ओळखायला सोपं. तीन पुंकेसर पिवळे, आणि मधून तीन लांब, गडद लाल कुक्षी पाकळ्यांबाहेर लोंबणाऱ्या. त्या लाल काड्या म्हणजेच केशर. फुलाबरोबर किंवा लगेच मागून गवतासारखी पानं येतात, मधोमध पांढरी रेघ असलेली. या झाडाला बी धरत नाही. त्याच्यात गुणसूत्रांचे तीन संच आहेत, त्यामुळे ते वांझ आहे. जगभरातलं सगळं केशर, काश्मीरमधल्या पांपोरचं असो की इराणचं, माणसाने कंद फोडून फोडून वाढवलेलं आहे.

इंग्लंडात हे नवीनही नाही. एसेक्समधल्या सॅफ्रन वॉल्डन या गावाला नावच केशराने दिलं. त्याआधी ते चिपिंग वॉल्डन होतं. पण गावाचं नाव केशराचं म्हणून तुमच्या बागेत केशर येईलच असं नाही. या कंदाला उन्हाळा कोरडा आणि तापलेला लागतो. फुलाची कळी उन्हाळ्यात, कंद झोपलेला असताना आतल्या आत तयार होते. जून-जुलै गार आणि ओला गेला तर शरदात नुसतं गवत उगवतं, किंवा कंद कुजतो.

म्हणून मी केशर जमिनीत लावायचं सोडून दिलं. खोल कुंडी, अर्धी माती अर्धी जाड रेती, कंद 10 ते 15 सेंमी खोल. मेमध्ये पानं वाळली की कुंडी पत्र्याखाली सरकवायची आणि ऑगस्टअखेरपर्यंत पाण्याचा थेंब द्यायचा नाही. कंद घेताना घेर विचारा. 10 सेंमीच्या आसपास किंवा जास्त असलेला कंद त्याच वर्षी फुलतो. स्वस्तातले बारके कंद पहिलं वर्ष फक्त पानं दाखवतात.

हिशेबही करून ठेवा. ग्रॅमभर वाळलेल्या केशराला साधारण 150 फुलं लागतात. 25 कंद लावलेत आणि प्रत्येकी एक-दोन फुलं आली, तर हाती पाव ग्रॅमच्या आसपास. दोन-तीन वेळच्या श्रीखंडाला पुरेल, पैसे वाचणार नाहीत. आणि कोजागरीचं मसाला दूध घरच्या केशराचं करायची हौस असेल तर तीही बहुतेक वेळा हुकते, कारण इथे फुलं ऑक्टोबरच्या उत्तरार्धात आणि नोव्हेंबरात येतात. दिवाळी मात्र बऱ्याचदा साधते. पहाटे ओलसर फूल खुडून काड्या काढताना बोटांना लागणारा तो पिवळा रंग, त्यासाठी मी ही कुंडी ठेवते.

(पुण्याचे नातेवाईक विचारतात, आम्हीही लावू का? एसी खोलीत ट्रेवर ठेवलेला काश्मिरी कंद मातीशिवायही फुलतो, यात जादू काही नाही, कळी आधीच आत असते. पुढच्या वर्षीसाठी कंद पुन्हा पोसणं हे अवघड काम, आणि त्याला लांब थंडी लागते.)

केशर खायचं नसून नुसतं क्रोकस बघायचं असेल तर क्रोकस स्पेसिओसस घ्या. निळसर जांभळं, ठळक शिरांचं, स्वस्त, आणि हिरवळीत आपणहून पसरणारं. याच्या मधल्या केशरी काड्या झालरीसारख्या बारीक फाटलेल्या असतात, केशरासारख्या सरळ तीन नसतात. त्या दुधात घालायला जाऊ नका. दांडा नाजूक, वाऱ्यापावसात आडवा होतो. पण एक पडलं तर दुसरं उभं असतं.

पिवळं हवं असेल तर स्टर्नबर्गिया आहे, तेही सहा पुंकेसरांचं, पण पानं फुलांबरोबरच येतात, त्यामुळे कोल्चिकमशी गल्लत होत नाही. दक्षिणेकडे तोंड असलेली तापती भिंत नसेल तर पैसे घालवू नका.

तशी भिंत असेल तर मी तिथे नेरीन बोडेनाय लावीन. दक्षिण आफ्रिकेतलं हे झाड, दीड फुटी दांड्यावर गुलाबी, कुरळ्या पाकळ्यांचा झुबका, बाकी बाग विझत असताना ऑक्टोबरात. फुलदाणीत आठवडाभर सहज टिकतं, ही क्रोकसला न जमणारी गोष्ट. बाकीच्या कंदांचा नियम इथे उलटा: मान मातीच्या वर राहू द्यायची, आणि गर्दी झाली तरी उपटून विरळ करायची घाई करायची नाही, कारण ते दाटीवाटीतच छान फुलतं. जागा हलवली की एखादं वर्ष रुसतं.

झाडाखाली कोरडी सावली एवढीच जागा असेल तर वरचं काहीच चालणार नाही; तिथे सायक्लामेन हेडेरिफोलियम. पण वाळका कंद न घेता कुंडीतलं रोप घ्या, म्हणजे वरची बाजू कुठली हा प्रश्नच येत नाही.

केशर किंवा क्रोकस लावलंत तर त्याच दिवशी वरून कोंबडीजाळी अंथरा, दगडांनी दाबून. कोंब जाळीतून निघतात, खारींचे पंजे आत जात नाहीत. “उद्या टाकू” म्हटलेल्या वर्षी माझ्या 30 कंदांतले 11 उरले होते.