सव्वा लाख किलोमीटर चाललेली डिझेल डिझायर घेतली, त्याला अकरा महिने झाले

घर धनकवडीत, नोकरी शिरवळला. कंपनीची बस बंद झाली आणि जाऊन-येऊन रोजचे नव्वद किलोमीटर माझ्या गळ्यात पडले. वर्षभर बाईकवर काढलं. नवले पुलाच्या उतारावर पावसात ट्रकच्या मागून एकदा असा घसरलो, की घरी आल्यावर बायको म्हणाली, "आता गाडी बघा, नाहीतर नोकरी बघा." नोकरीपेक्षा गाडी मिळणं सोपं वाटलं.

हातात होते चार लाख वीस हजार. एवढ्यात गाडी, विमा, नावावर करणं आणि सुरुवातीची डागडुजी असं सगळं बसवायचं होतं. डिकी हवीच होती, कारण भोरहून वर्षाचा इंद्रायणी तांदूळ आम्ही पोत्यानेच आणतो. म्हणून सेडान. आणि डिझेल का, तर महिन्याला सव्वादोन हजार किलोमीटर आणि तेही बहुतेक हायवेचे. ज्यांचं रोजचं येणं-जाणं बिबवेवाडी ते स्वारगेट एवढंच आहे, त्यांनी हा अनुभव करमणूक म्हणून वाचावा आणि सरळ पेट्रोल घ्यावी.

डिसेंबर २०२४ मध्ये घेतली ती २०१६ ची स्विफ्ट डिझायर, झेडडीआय, एमएच-५० म्हणजे कराड पासिंग, मीटरवर १,२४,०००. किंमत तीन लाख बासष्ट हजार. आज मीटर दीड लाखाच्या थोडं पुढे आहे. म्हणजे सव्वीस हजार किलोमीटर मी स्वतः चालवली आहे आणि त्या बळावर बोलतोय.

मीटरवरचा आकडा ऐकून नातेवाइकांनी मला वेड्यात काढलं. "सव्वा लाख? अरे, पन्नास हजारांतल्या मिळतात की!" मिळतात, मी पाहिल्याही. बाणेरच्या एका सोसायटीत उभी असलेली एक गाडी एक्केचाळीस हजार चाललेली होती, आरशासारखी चकचकीत. विकणारा एजंट सांगत होता, रिटायर्ड काकांची आहे, फक्त देवदर्शनाला काढायचे. (पुण्यात रिटायर्ड काका जास्त की त्यांच्या म्हणून विकलेल्या गाड्या जास्त, हे मोजायला हवं.) आमच्या मेस्त्रींनी बोनेट उघडलं, आत हात घातला आणि तारेला लटकलेला ऑइल बदलल्याचा टॅग बाहेर काढला. त्यावर पेनाने लिहिलं होतं, पुढची सर्व्हिस ८८,०००. एजंट काही बोलला नाही, आम्हीही नाही. मेस्त्रींनी टॅग होता तिथेच परत अडकवला आणि आम्ही चहा प्यायला गेलो.

आणि समजा आकडा खरा असता, तरी मी ती घेतली नसती. डिझेल इंजिनाला गरम व्हायला वेळ लागतो. रोज तीन-चार किलोमीटर चालवून बंद केली की ते पुरतं तापतच नाही, काजळी ईजीआर व्हॉल्व्हमध्ये (थोडा धूर परत इंजिनात सोडणारी झडप) आणि इनटेकमध्ये, म्हणजे हवा आत घेण्याच्या वाटेत, साठत जाते. नऊ वर्षांत चाळीस हजार म्हणजे दिवसाला बारा-तेरा किलोमीटर, तेही सिग्नल टू सिग्नल. त्यापेक्षा वर्षाला चौदा-पंधरा हजार हायवेवर एका चालीत पळालेली, वेळेवर ऑइल बदललेली गाडी मला कधीही परवडते. बीएस-६ (२०२० पासूनचे प्रदूषणाचे नियम) डिझेलला तर डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असतो, त्यातली काजळी जळायला लांबची सलग दौड लागतेच. माझी बीएस-४, त्यामुळे ते लचांड नाही. बीएस-६ मध्ये डिझेल डिझायर शोधू नका, एप्रिल २०२० पासून मारुतीने डिझेल बंदच केलं.

माझी गाडी कराडच्या एका शेतीपंपांच्या दुकानदारांची. कराड-सातारा-सांगली फिरणं. बोलण्यात रोखठोक माणूस, सगळे त्यांना अण्णा म्हणतात, मीही म्हणायला लागलो. फोनवरच सांगून ठेवलं, "अण्णा, सकाळी आम्ही यायच्या आधी गाडी चालू करू नका." गेल्या गेल्या बोनेटवर हात ठेवला, थंडगार. (याआधी पुण्यात दोन ठिकाणी बोनेट गरम लागलं होतं. दोन्हीकडे कारण एकच, "आत्ताच पेट्रोलपंपावर जाऊन आलो." डिझेल गाडी, पेट्रोलपंप, सकाळचे सात.) पहिल्या झटक्याला चालू झाली, धूर नाही. मग मेस्त्रींनी चालू इंजिनावर ऑइलचं झाकण काढून तळहात धरला. बॅक कॉम्प्रेशन असेल, म्हणजे झिजलेल्या इंजिनातला दाब मागे फिरत असेल, तर तिथून भक्‌भक्‌ धूर हाताला लागतो. नव्हता. अर्धा तास चालवून आल्यावर परत तेच केलं, कारण थंड असताना गप्प बसलेलं इंजिन तापल्यावर बोलायला लागतं.

कागदपत्रांत मी दोन गोष्टी बघायला शिकलो. एक, अधिकृत सर्व्हिस सेंटरची नोंद: गाडी नंबरवरून जुन्या सर्व्हिस निघतात आणि प्रत्येकीपुढे किलोमीटर असतो. आकडा चढता आणि सारख्या चालीने चढता हवा. दुसरी गोष्ट मला ऑफिसमधल्या एकाने सांगितली. मागच्या विमा पॉलिसीवर नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याची सवलत, किती आहे ते बघायचं. ५० टक्के असेल तर सलग पाच वर्षं क्लेम नाही. २० असेल तर आदल्या वर्षी शून्यावर आला होता, म्हणजे बहुधा काहीतरी ठोकलं किंवा बुडलं, विचारा काय ते. अण्णांचा ५० होता. हा बोनस माणसाचा असतो, गाडीचा नाही, तो आपल्याला मिळत नाही. माझा विमा शून्यापासून सुरू झाला. विमा आणि नावावर करणं मिळून अठरा हजार गेले. बाकी कर्जाचा बोजा, पीयूसी, आधी टॅक्सी पासिंग होतं का, हे परिवहनच्या अ‍ॅपवर आणि आरसीवर बघून घ्या. डिझायरच्या बाबतीत हे शेवटचं फार महत्त्वाचं, कारण कॅबला हीच गाडी सर्वांत जास्त लागली.

बुडण्याचा विषय निघालाच आहे तर. २०१९ चा सांगली-कोल्हापूरचा पूर, त्याच वर्षी सप्टेंबरात आपल्याकडे आंबिल ओढा, जुलै २०२४ ला सिंहगड रोडची एकतानगरी. त्या पाण्यातल्या गाड्या कुठेतरी गेल्याच असणार ना? सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा. मी पाहिलेल्या एका गाडीत वरचा पट्टा नवाकोरा आणि आत गुंडाळलेला शेवटचा हातभर भाग मातकट, ताठ. सीट पुढे सरकवून खालचे रूळ पाहिले तर गंजलेले. वास घालवायला तीन परफ्युम लावले होते.

आता वापराबद्दल. इंजिन १२४८ सीसी, फियाटच्या मल्टिजेट घराण्यातलं, ७५ पीएसचं (पीएस म्हणजे अश्वशक्ती). याच घराण्याची इंजिनं इथे रांजणगावला फियाट आणि टाटाच्या गाड्यांसाठी बनली, लिनिया, मांझा, झेस्ट सगळ्यांत तेच. म्हणून कोणत्याही फाट्यावरच्या मेस्त्रीला ते तोंडपाठ असतं आणि नाना पेठेत सुट्टे भाग हात पुढे केला की मिळतात. टायमिंगला, म्हणजे इंजिनाच्या आतल्या भागांचा मेळ राखायला, बेल्ट नाही, चेन आहे, त्यामुळे ठरावीक किलोमीटरला बेल्ट बदलण्याचा मोठा खर्च नाही. पण चेन जगते ती ऑइलवर. मी आठ हजारांना बदलतो, अकरा महिन्यांत तीनदा झालं. नवं ऑइल घातल्यावर दोन दिवसांत डिपस्टिक काळी दिसली म्हणून पहिल्यांदा मी घाबरून फोन केला होता. मेस्त्री म्हणाले, "डिझेल आहे ते, काळं होणारच. पांढरं झालं तर फोन करा."

अ‍ॅव्हरेज मी टाकी फुल टू फुल मोजतो. शिरवळची फेरी, ताशी ऐंशी, एसी चालू: २१ ते २२. धनकवडी-डेक्कन-कॅम्प अशी शहरातली: १६, फार तर १७. सगळं मिळून साडेवीस. कंपनीचा दावा २६.५९ चा होता, तो कोणत्या रस्त्यावरचा असतो कोण जाणे. हिशेब असा: सव्वीस हजार किलोमीटरला सुमारे १,२७० लिटर, डिझेल तेव्हा नव्वदीच्या आसपास, म्हणजे एक लाख पंधरा हजार. पंधराचं अ‍ॅव्हरेज देणारी पेट्रोल गाडी असती तर साधारण एक लाख ऐंशी हजार. वाचले पासष्ट हजार.

ते कुठे गेले तेही सांगतो. दुरुस्तीला चाळीस हजार बाजूला ठेवले होते, लागले पन्नास हजार नऊशे. सगळी ऑइलं आणि फिल्टर ७,८००. चार टायर १७,६००, कारण होते ते वरून बरे दिसत असले तरी बाजूच्या चार आकडी शिक्क्यावर २०१८ साल होतं. लिंक रॉड आणि बुश ६,२००. बॅटरी ५,८००. आणि क्लच १३,५००.

क्लचची चूक माझी. टेस्ट ड्राइव्हला अण्णा चालवत होते तेव्हाच दिसलं होतं, डावा पाय सतत पेडलवर टेकलेला. मेस्त्रींनी तिथेच कानात सांगितलं, "क्लच वर आलाय, चार महिने काढेल." मी भाव करताना ते बोललोच नाही. अण्णांच्या घरी पोहे खाल्ले होते, त्यांच्या आई मागून अजून घे म्हणत होत्या, मला तोंड उघडवलं नाही. एप्रिलमध्ये खंबाटकी चढताना इंजिन गरजतंय आणि गाडी पुढे सरकत नाही, अशी अवस्था. मोजून चार महिने. पोहे तेरा हजार पाचशेला पडले.

खंबाटकीवरून आठवलं. हे इंजिन दोन हजार आरपीएमच्या खाली झोपलेलं असतं आणि वर गेलं की एकदम उठतं. चार माणसं, डिकीत तांदूळ आणि समोर उसाचा ट्रॅक्टर, अशा वेळी दुसऱ्याच गिअरला राहायचं, तिसरा टाकायचा मोह धरायचा नाही. शहराच्या गर्दीत याचा त्रास होतो. कात्रज चौकात अर्ध्या क्लचवर सरकताना पाय भरून येतो. हायवेला मात्र ती शांत, स्थिर पळते, पाचव्यात टाकली की विसरून जायचं. घाट चढून आल्यावर बंद करण्याआधी मिनिटभर नुसती चालू ठेवतो, तापलेला टर्बो थंड व्हावा म्हणून. सोसायटीचा वॉचमन रोज विचारायचा, काही विसरलं का साहेब.

एकदाच रस्त्यात बसलो. जुलैत मुसळधार पावसात वाटेत एका पंपावर डिझेल भरलं, दहा किलोमीटरवर नसरापूर फाट्याजवळ मीटरवर दिवा आणि गाडी आचके द्यायला लागली. डिझेलमध्ये पाणी. फिल्टरच्या खालचा स्क्रू सैल करून पाणी सोडलं, तिथल्याच एका पोराने, दोनशे रुपयांत. तेव्हापासून पावसाळ्यात टाकी अर्ध्याखाली जाऊ देत नाही आणि पंप बदलत नाही.

बारीकसारीक: जुन्या मालकाचा फास्टॅग काचेवरून काढून बंद करायला लावा. आम्ही विसरलो. खेड शिवापूरला दोन दिवस माझा टोल अण्णांच्या खात्यातून गेला, तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन, "अहो, गाडी विकली, जन्माचा टोल नाही विकला." ऑगस्ट २०२५ ला सुरू झालेला फास्टॅगचा वार्षिक पास मी तेव्हा तीन हजारांना काढला, पण दोनशे फेऱ्या म्हणजे रोज जाणाऱ्याला जेमतेम चार महिने. एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी असल्याने एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबरप्लेटही लावावी लागते, ७४५ रुपये अधिक जीएसटी.

इतर गाड्यांबद्दल दोन शब्द. टोयोटा इटिऑसचं १.४ लिटर डिझेल दणकट, माझी दुसरी पसंती तीच होती, पण मधोमध बसवलेला मीटर घरच्यांना रुचेना. होंडाची अमेझ आणि फोर्डची अस्पायर दोन्ही दीड लिटरच्या, १०० पीएसच्या, घाटात डिझायरला सहज मागे टाकतात. अमेझचा आवाज मला फार वाटला. अस्पायरला टायमिंग बेल्ट आहे आणि फोर्डने इथलं उत्पादन थांबवलंय, म्हणून मन धजलं नाही. फोक्सवॅगनची व्हेंटो आपल्या चाकणची, चालवायला या सगळ्यांत सरस. भाव ऐकून मोह होतो, सुट्ट्या भागांचे भाव ऐकून जातो.

सध्या मागचे शॉकअप आवाज करताहेत. मेस्त्री म्हणाले होते दिवाळीनंतर आणा, आता दिवाळीही झाली. येत्या रविवारी सकाळी गाडी त्यांच्याकडे नेतोय.