चीड का सुरू? ट्रेमधलं पहाडी जंगल
ट्रेमधी बोन्सायचं, म्हणजे बुटक्या ठेवलेल्या झाडांचं, पाइनचं जंगल बसवायचं म्हणता ना भाऊ, तर चीडचं झाड घ्यावं का सुरूचं एवढंच ठरवा. चीड हिमालयातला अस्सल पाइन, खोडाची साल लय भारी, पण सुया २०-३० सेंटिमीटर लांब, एवढ्याशा झाडावर झाडूच दिसते अन् पाणी साचलं की मुळं सडते. सुरू पाइन नाहीच, त्याच्या सुया म्हणजे बारीक हिरव्या फांद्या, पण छाटलं की दाट फुटते, आपल्या अकोल्याकडच्या ४५ डिग्रीतबी टिकते, फक्त मे महिन्यात दोन टाइम पाणी पाहिजेच बाप्पा. उथळ ट्रे, मुरूम, विटांचा चुरा, ५ नाहीतर ७ रोपं, उंच समोर अन् बारकी मागं, म्हणजे जंगल खोल वाटते. मी तं सुरूच लावीन, चीडचा नाद थंड हवेच्या चिखलदऱ्याले राहणाऱ्यानं करावा.