एंडोमेट्रिओसिसचा आधारगट : सात-आठ महिन्यांनंतर

एंडोमेट्रिओसिस म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार. गेल्या पावसाळ्यात एका मैत्रिणीने मला तो असणाऱ्यांच्या या गटात घेतलं. एरवी बोलणं व्हॉट्सअ‍ॅपवर, महिन्यातून एकदा प्रत्यक्ष भेट. कधी नौपाड्यात कुणाच्या घरी, कधी वाशीला. ठाणे-वाशी लोकलमुळे ऐरोली-घणसोलीच्या मुलींनाही ते सोयीचं पडतं. पैसे लागत नाहीत.

मला सर्वांत जास्त उपयोग झाला तो दुखण्याच्या नोंदवहीचा. रोज 0 ते 10 मध्ये दुखणं किती, नेमकं कुठे, लघवीला किंवा शौचाला जाताना दुखतं का, संबंधांच्या वेळी दुखतं का, गोळ्या किती घेतल्या, कामाला दांडी झाली का. आधी मी डॉक्टरांना "पाळीत खूप दुखतं" एवढंच सांगायचे आणि पेनकिलर घेऊन परत यायचे. तीन पाळ्यांची वही समोर ठेवली, तेव्हा डॉक्टरबाईंनी शौचाच्या वेळच्या कळेबद्दल बारकाईने विचारलं आणि या आजाराची सोनोग्राफी खास करणाऱ्यांकडे पाठवलं. माझी साधी सोनोग्राफी त्याआधी नॉर्मल आली होती. ती नॉर्मल आली म्हणजे आजार नाहीच, असं नसतं, हे मला गटातच पहिल्यांदा कळलं.

वाचायला दिलेल्यांपैकी युरोपातल्या 'एश्रे' या डॉक्टरांच्या संस्थेची 2022 ची रुग्णांसाठीची पुस्तिका जरूर वाचा. निदानासाठी दरवेळी दुर्बिणीची शस्त्रक्रिया लागतेच असं नाही, लक्षणांवरूनही औषध सुरू करता येतं, हे त्यामुळे समजलं. आजारावरचा उपाय म्हणून बाईला "मूल होऊ द्या" असा सल्ला देऊ नये, असं 'एश्रे' स्पष्ट सांगते. तेवढा भाग मी आईला आणि सासूबाईंना मराठीत समजावून सांगितला. घरात तो विषय निघणं तेव्हापासून खूप कमी झालं. खरं तर असं साहित्य मराठीतच हवं. गटात ते फारच थोडं आहे.

डायनोजेस्ट ही या आजारावरची हार्मोनची गोळी सुरू झाल्यावर पहिले काही महिने अधूनमधून रक्तस्राव होत राहिला. असं बऱ्याच जणींना होतं, हे आधी ऐकलेलं असल्याने मी गोळी मनाने बंद केली नाही, डॉक्टरांना फोन केला. गटाचा नियमच आहे : डोस विचारायचा नाही, सांगायचा नाही. चूर्णं-काढे विकायला आलेल्यांना लगेच काढलं जातं. मूल होण्यासाठी उपचार घेणाऱ्यांसाठी वेगळा गट केलाय, तेही फार बरं केलं. कुणाच्या गोड बातमीवर अभिनंदनांची रांग लागली की त्यांना किती लागत असेल!

रात्री घाबरून लिहिलेले लांबच लांब मेसेज कधीकधी झेपत नाहीत. अशा वेळी मी गट म्यूट करते, सकाळी उत्तर देते.

भेटीची वेळ मात्र बदलायला हवी. ती कायम रविवारी असते, आणि दुकानांत, मॉलमध्ये काम करणाऱ्या मुलींना नेमकी रविवारीच सुट्टी मिळत नाही. आठवड्यात एखाद्या संध्याकाळी ठाणे स्टेशनजवळ भेटू, असं मी सुचवलंय.