पेंगणारे आजोबा आणि आपटलेला फ्लॅश

२०२३ च्या जूनमध्ये ‘द फ्लॅश’ हा हॉलिवूडचा सुपरहिरोपट आपटला. दिग्दर्शक अँडी मुशिएत्ती २०२५ मध्ये म्हणाले, अनेकांना हे पात्रच आवडत नाही, विशेषतः बायकांना. म्हणजे खोट बघणाऱ्यांत!

आमच्या सिंधुदुर्गातला दशावतार घ्या, रात्रभर चालणारं लोकनाट्य. लिहिलेली संहिता नाही, संवाद तिथल्या तिथे. पहाटे तीनला पुढच्या रांगेतले आजोबा घोंगडीत पेंगू लागले की राजा भाषण आखडतो, पेटीवाल्याकडे बघतो. पखवाज चढतो, तलवारी निघतात. आजोबा ताठ. ‘गावाक आमचो नारद आवडना नाय’ म्हणत रुसणाऱ्या कंपनीला पुढल्या जत्रेत बोलावण्याचा नारळ कोण देणार?

सिनेमा मध्येच बदलता येत नाही, हे कबूल. पण मुशिएत्तींना हे कळलं कधी, तर पडल्यावर. आमच्या राजाला पहिल्या जांभईला कळतं.