देहगुहेचं मॉडेल: जंतासाठी घ्या, हायड्रा रंगवून घ्या

अकरावीच्या प्राणी वर्गीकरणासाठी रत्नागिरीतल्या एका दुकानातून फोमचं मॉडेल आणलं. हायड्रा, चपटा कृमी, जंत आणि गांडूळ यांचे आडवे छेद, देहगुहा म्हणजे देहभित्ती आणि आतडं यांच्यामधली पोकळी दाखवणारे. १४०० रुपये पदरचे गेले, कॉलेजकडून मिळतील तेव्हा मिळतील.

जंताच्या छेदात पैसे वसूल. भ्रूणातल्या ज्या थरांतून शरीर घडतं त्या जननस्तरांना वेगवेगळे रंग: बाहेर निळा बाह्यस्तर, आत पिवळा अंतःस्तर आणि लाल मध्यस्तर फक्त देहभित्तीला आतून चिकटलेला. आतड्याकडे लाल औषधालाही नाही. ही आभासी देहगुहा, म्हणजे एकाच बाजूला मध्यस्तराचं अस्तर असलेली पोकळी, शिकवताना फळ्यावर कितीही खडू झिजवा, पोरं मख्खच. इथे बोट फिरवलं की काम झालं. शेजारच्या गांडुळात लाल अस्तर भित्तीलाही आहे आणि आतड्यालाही, म्हणजे खरी देहगुहा. आतड्याला स्वतःचे स्नायू मिळतात ते या आतल्या लाल थरातून. जंताच्या आतड्याला ते नाहीत, त्याचं अन्न घशाच्या जोरावर पुढे ढकललं जातं. चपट्या कृमीत मधली जागा लालने गच्च, पोकळीच नाही.

हायड्राने मात्र घात केला. दोन स्तरांच्या मध्ये तोच लाल रंग! अहो, हायड्रा द्विस्तरीय, त्याला मध्यस्तरच नाही. मध्ये असते ती जेलीसारखी मेसोग्लिया, तो जननस्तर नव्हे. दुकानात फोन केला तर म्हणे, "मॅडम, कंपनीकडूनच तसं येतं." शेवटी मीच त्यावर करडा पोस्टर कलर मारला.

सोबतच्या कागदावर खेकड्यालाही 'खरी देहगुहा' म्हणून मोकळे झालेत. चूक नाही, पण अर्धवट. खेकड्याची देहगुहा उत्सर्जन अवयव आणि जननग्रंथींपुरती उरलेली असते; कवच उघडल्यावर दिसते ती मोठी पोकळी रक्ताची. माझ्या वर्गात निम्मी पोरं बंदरावरची, ती विचारणारच.

माशाचा छेद दिलेला नाही. त्यावाचून अडलंही नाही, कारण एका मुलीनेच विचारलं, "मॅडम, तारली साफ करताना आई पोटातली काळी साल घासून काढते, ती हीच का?" हीच. देहगुहेचं अस्तर, मध्यस्तरातूनच आलेलं.

शिक्षकांनी जरूर घ्यावं. मुलांनी एकट्याने अभ्यासाला घेऊ नये, हायड्रा फसवेल. आणि आपल्याकडच्या दमट हवेत गांडुळाचा निळा थर जूनमध्येच सुटायला लागतो, फेव्हिकॉल हाताशी ठेवा.