गरम फिनॉलने एलपीएस काढणं: आठ महिन्यांनंतरचा अनुभव

लॅब परळला, मी येते डोंबिवलीवरून, आणि जूनपासून बॅक्टेरियाच्या बाहेरच्या आवरणातलं एलपीएस म्हणजे लायपोपॉलिसॅकराइड काढत बसलेय. टायफॉइडचा संशय आला की डॉक्टर विडाल टेस्ट लिहून देतात ना, त्यातलं ओ अँटिजेन म्हणजे ह्याच एलपीएसची बाहेर लोंबणारी साखरेची साखळी. पद्धत जुनी, वेस्टफाल आणि मंडळींची 1952 ची. तयार किटपण वापरलंय, त्याचं पुढे सांगते.

कृती ऐकायला सोपी. सुकवलेल्या पेशी पाण्यात कालवायच्या, तेवढंच 90 टक्के फिनॉल घालायचं आणि 68 डिग्रीला पंधरा-वीस मिनिटं ढवळायचं. एवढ्या तापमानाला दोन्ही एकजीव होतात, बर्फात ठेवलं की परत फुटतात, मग सेंट्रिफ्यूज केलं की वर पाणी, खाली फिनॉल आणि मध्ये पांढरी साय. एलपीएस वरच्या पाण्यात येतं. सायीजवळचं शेवटचं मिलीलीटर सोडून द्या बाबांनो, मी हावरटपणा केला आणि प्रोटीन काढायला प्रोटिनेज के (प्रोटीन तोडणारं एन्झाइम) दोनदा लावत बसले.

पहिले दोन महिने पूर्ण पाण्यात गेले आणि त्यात पद्धतीचा काही दोष नाही. जेलवर (ह्यात रेणू आकारानुसार वेगळे होतात) सिल्व्हर स्टेन म्हणजे चांदीचा रंग दिला की ओ साखळीची शिडीसारखी पट्ट्यांची रांग दिसायला हवी (प्रोटीनसाठीच्या नेहमीच्या कूमासी रंगाने एलपीएस दिसत नाही), मला तळाशी फक्त एक डाग. फिनॉल बदललं, तापमान बदललं, सरांचं ऐकून घेतलं, शेवटी सिनियर ताई म्हणाली, "स्ट्रेन कुठली गं?" के-12 ई. कोलाय, लॅबमधली नेहमीची जात! त्याला ओ साखळी नसतेच, मग शिडी येणार कुठून. वर असल्या रफ, म्हणजे ओ साखळी नसलेल्या, जातींचं एलपीएस बरंचसं फिनॉलमध्येच राहतं, त्यांच्यासाठी गॅलानोसची फिनॉल-क्लोरोफॉर्म-पेट्रोलियम इथरची वेगळी पद्धत आहे. मग ओ साखळी असलेला साल्मोनेला टायफीम्युरियम घेतला आणि पहिल्याच फेरीत शिडी, अशी सुंदर की फोटो काढून आईला पाठवला, ती म्हणे हे काय, एक्स-रे आहे का.

खरा वेळ खाते ती डायलिसिस, म्हणजे माल बारीक छिद्रांच्या पिशवीत भरून पाण्यात ठेवणं. पाणी बदलत राहायचं, फिनॉलचा वास जाईपर्यंत, तीन-चार दिवस सहज. जुलैत परळजवळ हिंदमाताला पाणी भरलं, लोकल बंद, दोन दिवस लॅबला जाताच आलं नाही आणि माझी पिशवी कोल्ड रूममध्ये तशीच, पण काही बिघडलं नाही, ह्या बाबतीत एलपीएस फार सोशिक आहे. डायलिसिसनंतर वाटतं झालं, पण पाण्याच्या भागात आरएनए भरपूर येतं आणि ते डायलिसिसने जात नाही, 260 नॅनोमीटरच्या प्रकाशाला रीडिंग घेतलंत की कळेल. त्यामुळे आरएनए-डीएनए तोडणारी एन्झाइम्स आरएनेज, डीएनेज, आणि मग 1,00,000 जी ला (गुरुत्वाकर्षणाच्या लाखपट जोराने) अल्ट्रासेंट्रिफ्यूज. खाली बसतं ते काचेसारखं पारदर्शक, पहिल्यांदा तर ट्यूब रिकामी समजून मी बेसिनकडे निघालेच होते.

अजून एक, एलपीएस म्हणजेच एंडोटॉक्सिन, बॅक्टेरियाचं विष, आणि ते काचेला चिकटून बसतं, ऑटोक्लेव्हने जात नाही. लॅबमध्ये सेल कल्चर करणारे (पेशी वाढवणारे) लोक असतील तर तुमची भांडी वेगळी ठेवा आणि 250 डिग्रीला अर्धा तास ओव्हनमध्ये घाला, नाहीतर भांडणं होतात, आमच्याकडे झालीयत.

आता किट. तासाभरात काम होतं, वास कमी, जेलपुरतं छान. पण निघतं थोडंसंच, आणि मला एलिसा ह्या अँटिबॉडी तपासणीच्या प्लेट्स कोट करायला मिलीग्रॅममध्ये माल लागतो, तेवढ्यासाठी किटवर किट फोडणं आमच्या ग्रँटला झेपणारं नाही. फिनॉलने दीड ग्रॅम सुक्या पेशींमधून मला वीस-बावीस मिलीग्रॅम मिळतं.

फिनॉल अंगावर उडालं तर आधी कळतसुद्धा नाही कारण ते जागा बधिर करतं, म्हणून दोन हातमोजे, फ्यूम हूड, आणि उडालेलं फिनॉल पुसायला पीईजी 400 ची बाटली हाताशी. माझ्या मनगटावर अजून पांढरट डाग आहे. सध्याची बाटली गुलाबी पडायला लागलीय म्हणजे ऑक्सिडाइझ होतेय, ती आता वापरत नाही, नवीनसाठी इंडेंट (मागणीपत्र) टाकून पंधरा दिवस झाले.