स्पर्धा आयोग की ग्राहक आयोग?
नऱ्ह्यात घर बांधताना सिमेंटची गोणी वजनात कमी भरली, तर पुण्यातला जिल्हा ग्राहक आयोग गाठा. मुदत 2 वर्षं, 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, भरपाई तिथेच. माल धंद्यासाठी घेतला असेल तर मात्र बहुधा तुम्ही ‘ग्राहक’च ठरत नाही, बिल्डर इथेच अडकतात.

सगळ्या डीलरांनी ठरवून गोणीमागे सारखेच वीस रुपये चढवले, तर प्रकरण दिल्लीच्या स्पर्धा आयोगाचं: 2002 च्या स्पर्धा कायद्याचं कलम 3 (संगनमतावर बंदी), मुदत 3 वर्षं. पुरावा म्हणून नुसते सारखे दर पुरत नाहीत, सिमेंट सगळीकडे सारखंच असतं, मग दरही सारखे असू शकतात! तारखेसह दरपत्रकं, व्हॉट्सॲपवरचा ‘उद्यापासून नवा भाव’ हा निरोप जोडा. प्रथमदर्शनी तथ्य दिसलं तरच आयोगाच्या तपास विभागाच्या प्रमुखांकडे, म्हणजे महासंचालकांकडे, चौकशी जाते. भरपाईसाठी पुढे राष्ट्रीय कंपनी कायदा अपील न्यायाधिकरणात (NCLAT) वेगळा अर्ज.